आठवी झोळी

सात झोळ्या सुटल्या होत्या. आठवीच्या गाठीपाशी जमुनाचा हात थांबला.

"राहू दे, बाई," मागून गंगूबाई म्हणाली. "ते झोळी कोनाले आडवी येऊन राहिली?"

जमुनानं गाठ सोडली. जुन्या लुगड्याची ती झोळी तिनं अंगाशी धरून नीट घडी केली आणि कोनाड्यात ठेवली.

मोर्णा नदीकाठच्या त्या छपरात सरकी काढायचे आठ रेचे होते. रेच्याच्या दोन फिरत्या लाकडी लाटांमधून कापूस ओढला की पुढं रुई पडायची आणि मागं सरकी. एक हात मुठीवर, दुसरा कापसावर. पाय मोकळा राहायचा, म्हणून झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. आढ्याला आठ झोळ्या, खाली आठ बाया. लेकरं झुलत झोपायची आणि कामही होत राहायचं.

दाराजवळची झोळी जमुनाची. जेठात पटकी आली आणि पाच महिन्यांचं पोरगं एका दिवसात गेलं. चौदाव्या दिवशी जमुना कामावर आली, रेच्यापुढं बसली आणि तिनं दोरी अंगठ्याला गुंडाळली. बायांनी पाहिलं. त्यांनी आपापले रेचे फिरवले. तेव्हापासून ती झोळी एक टोपडं घेऊन झुलत होती.

अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस बंद होता आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं जात होता. जमुनाचा नवरा खुशालराव रात्रंदिवस एकच बोलायचा, आठ रेच्यांनी आता भागत नाही, वीस पाहिजेत. सावकार पैसा द्यायला तयार होता, पण त्याला शेताचा कागद लिहून पाहिजे होता. जमुनाच्या पाटल्या मोडल्या तर दोन रेचे आले असते. तिसरी वाट अमरावतीच्या पेढीची होती. भांडवल त्यांचं, मेहनत यांची, नफा निम्मानिम्मा.

पेढीच्या वतीनं गोवर्धनशेट पंधरा दिवसांमागं येऊन गेला होता. अकोल्याच्या बाजारात त्याच्या हाताला सगळे टरकून असत. तो डोळे मिटायचा, कापसाच्या बोज्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आत पाणी मारलंय की रेती घातलीय ते सांगायचा. डोळा फसेल, म्हणत, गोवर्धनशेटचा हात फसायचा नाही. इथली रुई त्याला पसंत पडली होती. मग त्यानं वर पाहिलं होतं. हा कारखाना हाय का बाळंतिणीची खोली, असं विचारलं होतं. हे सारं काढा, पेढीचा पैसा घालायजोगी जागा करा, मग पाहू.

आज तो पुन्हा यायचा होता. त्यानं नाही म्हटलं तर पैसा तेल्हाऱ्याच्या दुसऱ्या रेचेवाल्याकडं जाणार होता, आणि त्याच्या मागोमाग कापूसही. मग आठ बायांच्या हाताला काम उरणार नव्हतं.

सातही लेकरं पलीकडं लिंबाखाली म्हाताऱ्या दुर्गाबाईजवळ ठेवली होती. छप्पर झाडून-सारवून लख्ख झालं होतं. गोवर्धनशेट आला, जोडा काढून बसला. रेचे सुरू झाले. लिंबाखालून एक लेकरू रडायला लागलं, मग दुसरं. बायांचे हात भराभर फिरू लागले.

गोवर्धनशेटनं रुईत हात घातला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

त्याचा आवाज थंड होता. सरकी फुटून रुईत आली हाय, तो म्हणाला. मागच्या खेपेले कोनाची रुई दाखवली होती? खुशालराव शपथा घेऊ लागला. शेट उठला आणि जोड्यात पाय घालू लागला.

जमुना आपल्या अंगठ्याकडं बघत होती. दोरी नव्हती, तरी तो हलत होता. सावकाश. हात मात्र त्याच्या पुढं पळत होता.

"थांबा शेटजी," ती म्हणाली. "जोडा मंग घाला."

शेट पाठमोरा वाकून जोडा काढेपर्यंत तिनं कोनाड्यातली झोळी काढली, आढ्याला बांधली, दोरी अंगठ्याला गुंडाळली आणि रेच्यापुढं बसली. झोळी गेली, झोळी आली. त्या झोक्यावर तिचा हात फिरू लागला. शेजारच्या शकुनचा हात त्याच लयीत आला, मग गंगूबाईचा, मग सगळ्यांचे. आढ्याशी दोरी करकरत होती. रुई सायीसारखी उतरू लागली. लिंबाखालचं रडणंही थांबलं होतं.

गोवर्धनशेटनं पुन्हा हात घातला. या वेळी डोळे बराच वेळ मिटलेले राहिले.

त्यानं वीस रेच्यांचं भांडवल कबूल केलं. झोळ्या राहू द्या म्हणाला, आनखी बारा बांधा.

जाताना शेट दाराजवळच्या झोळीपाशी थांबला. लेकराला पहिल्यांदा पाहिलं की त्याच्या हातावर काही ठेवावं लागतं. त्यानं कमरेचा रुपया काढला आणि सवयीनं डोळे मिटून हात आत घातला.

सगळे रेचे थांबले. जमुनाचा अंगठा तेवढा हलत होता. ती त्या हाताकडं बघत राहिली.

हात बराच वेळ आत होता. मग रिकामा बाहेर आला.

"मूठ लई घट्ट हाय हो पोराची," गोवर्धनशेट म्हणाला. पोरगं उठू नये म्हणून, अगदी हळू.