तात्पुरता जोड

उंदरांनी वायरी कुरतडल्या म्हणून हिंदुरावांच्या पत्नीने बंद पडलेला ट्रॅक्टर खराडीहून ओढून माझ्या गॅरेजवर आणवला. हिंदुरावांना जाऊन चार महिने झाले होते. पत्रा काढला आणि क्लचपाशी मला माझाच जोड दिसला, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. दोन वर्षांपूर्वी तिथला सेफ्टी स्विच जळाला, तेव्हा तो वगळून मी वायर सरळ जोडून दिली होती. ‘तात्पुरतं चालवा, नवा आणून बसवतो.’ स्विच त्याच आठवड्यात बुधवार पेठेतून आणलाही. हिंदुराव येत, चहा पीत, जात. स्विच ड्रॉवरमध्येच राहिला. मग एका सकाळी त्यांनी खाली उभं राहूनच चावी फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. मागचं चाक त्यांच्या अंगावरून गेलं. “त्या जोडाला हात लावू नगा,” वहिनी म्हणाल्या. “मालक म्हनायचे, ह्यात सगळं बिघडलं, पन तुमचं काम कदी बिघडलं न्हाई.” वायरी बदलून झाल्यावर मी तो जोड कापला आणि ड्रॉवरमधला स्विच बसवला. वहिनींनी सीटवर चढून चावी फिरवली. काहीच झालं नाही. “आधी क्लच दाबा,” मी म्हणालो. त्यांनी दाबला, तसं इंजिन धडधडलं. ते बंद करून त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा चावी फिरवली. ट्रॅक्टर गप्प. “म्हंजी खाली उभं ऱ्हाऊन ह्यो चालूच व्हनार न्हाई?” “नाही.” त्यांनी चावी काढून मुठीत धरली. “हे नवीन निघालंय व्हय?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.