राजाचा हात

"आई, आता तरी खाऊ?"

"आधी हात लागू दे," मातुरीन म्हणाली. "मग अख्खा पाव तुझा एकटीचा."

लुबीननं मान हलवली नाही. हलवली की दुखायची. राजवाड्याच्या अंगणात सकाळपासून दोघी गुडघ्यांवर होत्या, आणि त्यांच्यापुढे नि मागे तशाच फडकं बांधलेल्या माना. ईस्टरच्या आदल्या दिवशी महाराज पापांची कबुली देतात, प्रसाद घेतात आणि मग या रांगेतून चालत एकेकाच्या तोंडावर बोटानं क्रूस काढतात. मानेवरच्या या गाठींवर, गंडमाळेवर, दुसरं औषध नाही. देवानं ते फ्रान्सच्या राजाच्या बोटांत ठेवलंय, हे बोसच्या सपाट मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

थोड्या वेळापूर्वी वैद्य येऊन गेले. लुबीनचं फडकं सोडलं. कानाखाली तीन गाठी, त्यातली एक फुटलेली. एकानं वासानं तोंड फिरवलं, दुसरा म्हणाला, "खरी आहे, राहू दे रांगेत." मातुरीनला इतका आनंद झाला की तिनं त्याच्या बाहीचं चुंबन घेतलं.

गावातल्या बायकांनी बजावलं होतं, पोटात अन्न असलं की राजाचा हात निसटतो. म्हणून सात वर्षांची पोर तीन दिवस नुसत्या पाण्यावर होती. कालचा सगळा रस्ता मातुरीननं तिला पाठीवरून आणलं. रात्री ती कण्हायचीही थांबली, तेव्हा मातुरीनला वाटलं, चला, अंग शुद्ध व्हायला लागलं.

शेजारी ओनोरे नावाचा म्हातारा चांभार होता. गळ्याशी लिंबाएवढी गाठ. "माझी दुसरी खेप," तो म्हणाला. "मागच्या वर्षी हात लागला, पण गर्दीत माझ्या गाठीला महाराजांची ओळख पटली नसावी."

"पण दुसऱ्यांदा येऊ देत नाहीत ना, काका?"

"आमच्या पाद्रीबाबांना कोंबडी आवडते. लिहून दिलं त्यांनी, पहिल्यांदाच येतोय म्हणून."

दार उघडलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण बाहेर आला तो एकटाच एक अधिकारी, हातात चांदीच्या मुठीची काठी.

"महाराज या ईस्टरला प्रसाद घेणार नाहीत," त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं. "तेव्हा हात लावणं होणार नाही. आपापल्या गावी जा. महाराजांसाठी प्रार्थना करा."

"आजारी आहेत का?" मातुरीननं घाबरून विचारलं.

"आजारी कसले!" ओनोरे फिसकन हसला. "परवा तर शिकारीला गेले होते. अगं, दुसऱ्याच्या बायकोत जीव गुंतलाय. पाद्री म्हणतो, तिला सोडा, मग पापाची माफी. हे म्हणतात, नाही सोडत. झालं! या राजापुढे तोंड उघडायची अख्ख्या मुलखात कुणाची छाती नाही. आणि घोडं पेंड खातंय कुठं, तर एका काळ्या झग्यापाशी."

"हळू बोला, काका."

"आता कशाला हळू? हात तर गेलाच."

माणसं उठायला लागली होती. कुणी रडलं नाही. गुडघे झाडल्याचे आवाज तेवढे येत होते. मातुरीन लुबीनला ओनोरेच्या खांद्याला टेकवून अधिकाऱ्याकडे गेली.

"साहेब, आम्हाला घाई नाही. उद्या दिली कबुली तरी चालेल. आम्ही थांबतो."

"नाही देणार ते, बाई."

"कुणी नीट समजावलं का पण? त्या बाईबद्दल माझं काही म्हणणं नाही, साहेब. असेल चांगली. एक दिवस सोडायची, फक्त माझ्या पोरीला हात लागेपर्यंत." ती जवळ सरकली. "खोटी दिली तरी चालेल. मी कुणाला सांगणार नाही."

अधिकाऱ्यानं तिच्यामागे, टेकून बसवलेल्या पोरीकडे पाहिलं. तोही कुणाचा तरी बाप असावा.

"आमचे महाराज खोटी कबुली देत नाहीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही अभिमान होता.

मातुरीन परत आली. कमरेला बांधलेल्या फडक्यातून पाव काढला, तुकडा मोडला, पाण्यात बुडवला. "खा, बाळा."

"हात लागला?"

"नाही गं. राजाची तयारी झाली नाही."

"उपास नाही केला त्यानं?"

"नाही."

लुबीननं पावाच्या तुकड्याकडे पाहिलं. "मग त्याचाही मीच करते," ती म्हणाली आणि ओठ मिटून घेतले.

मातुरीननं अंगठ्यानं तिचे ओठ उघडले. तुकडा आत गेला, गालात राहिला. गिळायचं कसं ते पोरीला आठवतच नव्हतं. मातुरीन तिचा गळा चोळायला गेली आणि तिचा हात गाठीपाशी थबकला. शेवटी तिनं पोरीला पाठीवर घेतलं. ओनोरेनं मागून चादर बांधून दिली. लुबीनचं वजन कालच्याहून कमी लागत होतं.

फाटकातून लोक बाहेर पडत होते, आणि त्या लोंढ्याला चिरत एक तरणी बाई उलट आत धावत येत होती. कडेवर पोर, पोराच्या मानेला फडकं. तिनं समोर सापडलेल्या मातुरीनचा दंड धरला.

"ताई, सुरू झालं का हो? उशीर झाला का मला?"

मातुरीननं तिच्या पोराकडे पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे.

"काही खाल्लंय का यानं?"

"छे हो! तीन दिवस एक कण नाही दिला," ती बाई धापा टाकत, आनंदानं म्हणाली. "अगदी शुद्ध आणलाय."

मातुरीननं उरलेला पाव तिच्या हातात कोंबला.

"बस इथं," ती म्हणाली. "आधी त्याला खायला घाल. मग सांगते."