दोन वाट्या

"हेच चारतेस ना त्याला?" पूर्णिमानं आईच्या पुढ्यातली वाटी उचलली आणि मोरीत उपडी केली.

पुडी कालवून काळं पडलेलं केळं जाळीपाशी जाऊन अडकलं. मालूबाई पाटावरून उठली नाही. तिच्यापुढे दुसरी वाटी होती. तिच्यात उरलेलं अर्धं केळं, साधं, दुधात कुस्करलेलं. आजी आणि नातू रोज दुपारी एक केळं दोघांत खायचे.

"देवीपुढची पुडी होती ती, बाई. मोरीत काय टाकते?"

"मग कुठे टाकू? पोराच्या पोटात? इंदूरहून डॉक्टरांचा फोन होता. मोहितच्या लिव्हरवर सूज आली आहे. पहिलं हेच विचारलं त्यांनी, घरचं काही औषध देता का. काय सांगू मी, माय? माझी आई देते म्हणून सांगू?"

मालूबाई दंड खाजवत राहिली. हल्ली ती सारखी खाजवायची. पातळ अंगावर सैल झालं होतं. नवरात्र सरलं तरी उपास चालूच असतील, असं पूर्णिमानं धरून टाकलं होतं.

"लई सूज आहे का?" मालूबाईनं विचारलं.

"आता विचार!"

मोहितच्या डोक्यातली गाठ ऑपरेशननं काढली, पण सगळी निघाली नव्हती. आधी रेडिएशन झालं, मग केमो सुरू झाली. डॉक्टर माणूस समजूतदार होता. पायांना तेल चोळा, गाणी म्हणा, श्वासाचे खेळ खेळवा, म्हणाला. मळमळ सहन होते त्यानं. फक्त पोटात काही घालायचं असेल तर आधी मला विचारा. त्यासाठीच मालूबाई निंबोल्याहून मुलीकडे येऊन राहिली होती. तिच्या मांडीवर पाय टाकले की मोहितची उलटी थांबायची. एवढं पूर्णिमालाही कबूल होतं.

मग पूर्णिमाच्या नवऱ्यानं, जीवननं, कुठल्याशा बाबाकडून औषधाच्या पुड्या आणल्या. पूर्णिमा नाही म्हणाली तेव्हा त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली.

"पुडी चालू तर इंदूर चालू. नाही तर दोन्ही बंद. मुलगा माझा पण आहे."

"डॉक्टर नको म्हणतात, जीवन."

"डॉक्टर लोक तर असंच बोलतात."

तेव्हा मालूबाई मध्ये पडली. "भांडू नका, जीवनराव. पुडीचं माझ्याकडे द्या."

जीवननं पुड्या देवीपुढे ठेवल्या, नमस्कार केला आणि सासूचा हात मोहितच्या टकलावर ठेवला. "शपथ घ्या, आई. रोजची पुडी रोज संपली पाहिजे."

"संपेल," मालूबाई म्हणाली. "माझ्या मोहितची शपथ."

त्या दिवसापासून पूर्णिमा आईशी धड बोलली नव्हती. नवरा घाबरला आहे हे तिला कळत होतं. जावयाचं मन राखायला आईनं नातू पणाला लावावा, हे कळत नव्हतं.

"ललितला बोलावलंय मी," ती आता म्हणाली. "आजच त्याच्याबरोबर घरी जा."

"उरलेल्या पुड्या?"

"मी देते. जीवनला तेच सांगेन."

मालूबाईनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग मोरीकडे. "तू काय वाटेल ते कर, बाई. शपथ थोडीच तुझी आहे."

भाऊ आला. मालूबाईनं पिशवी भरली, दुसऱ्या वाटीवर ताटली झाकली. "मोहित उठला की ही दे. साधीच आहे. आणि पायाला तेल लावत जा त्याच्या, विसरू नको."

पूर्णिमा दारापर्यंत गेली नाही.

उरलेल्या पुड्या ती एकेक करून मोरीत सोडत गेली. पुढच्या तपासणीत मोहितचं लिव्हर ठीक आलं. "आम्ही डोस कमी केला होता, त्यानंच उतरलं असणार," डॉक्टर म्हणाला. पूर्णिमानं ते ऐकून सोडून दिलं. तिला कारण ठाऊक होतं.

मालूबाई थंडीत गेली. ललितचा फोन आला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. डोळे हळदीसारखे झाले होते.

"मला आधी सांगायचं नाही?" पूर्णिमा भावावर ओरडली.

"तिनंच नको म्हटलं. पोराचं चालू आहे, पूर्णीला त्रास नको. लिव्हर पूर्ण गेलंय म्हणतात. डॉक्टर मला विचारतो, बाई दारू प्यायच्या का! मायबद्दल विचारतो!"

पूर्णिमाला रडू आलं नाही. राग मात्र तसाच राहिला, आणि आता तो ऐकायला समोर कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात मोहितचा एमआरआय झाला. गाठ दिसत नव्हती. जीवन मावा जिलेबी घेऊन आला. शेजारचे सुपडूकाका आले होते. मोहितच्या डोक्यावर मऊ केस उगवले होते. काका त्यावरून हात फिरवत राहिले.

"इंदूरचं काही नाही, काका," जीवन म्हणाला. "पुडीनं केलं हे. सासूबाईंनी एक पुडी चुकवली नाही."

"माझ्या आईचं नाव घेऊ नकोस," पूर्णिमा म्हणाली. "आणि ती निंबोल्याला परत गेल्यानंतरच्या सगळ्या पुड्या मोरीत गेल्यात. मी टाकल्यात."

जीवनचा हात जिलेबीवर थांबला. मग तो हसला. "असू दे. आधी तर दिल्या ना त्यांनी? रोज दिल्या. तूच भांडत होतीस त्यांच्याशी."

एवढं तरी खरं, असं पूर्णिमाला वाटलं. सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

मोहितनं बोटं चाटली.

"मला कुठे दिल्या, पप्पा? माझी तर पांढरी वाटी असायची. काळी आजीची. लई कडू लागायची तिला. मी म्हटलं फेकून दे, तर म्हणाली, तुझी शपथ घेतली आहे, संपवावीच लागते."