फोटो सुरक्षित

लॅपटॉप घरी ठेवून आम्ही बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलो आणि माझ्या नवऱ्याला, एकहार्टला, कॅमेऱ्यातल्या फोटोंचा घोर लागला. रोज संध्याकाळी तो कार्ड फोनला जोडून सगळे फोटो ऑनलाइन खात्यात चढवायचा. हे खातं आमच्या लेकीने उघडून दिलेलं.

"तुझ्या ढेरीचे फोटो कोण चोरणार आहे?" मी म्हटलं.

"हसू नकोस. कॅमेरा समुद्रात पडला तरी फोटो राहतील!"

मग त्याचा त्याच्या आईला फोन. सासूबाईंनी या सुट्टीसाठी मुद्दाम जाडजूड स्वेटर विणला होता. तो आम्ही कपाटातच ठेवून आलो होतो, कारण आमच्या त्या किनाऱ्यावर कपडे घालून गेलं तर लोक वळून बघतात.

"वारा फार आहे ना रे? स्वेटर घालतोस ना?"

"घालतो म्हणजे? अंगातून काढतच नाही, आई!"

परतल्यावर केक घेऊन त्यांच्याकडे गेलो. चार मैत्रिणींसह त्या कॉफी पीत बसल्या होत्या. समोर नातीने ख्रिसमसला दिलेली डिजिटल फोटोफ्रेम चालू होती. कार्टीने ती त्याच खात्याला जोडून ठेवली होती! फ्रेममध्ये एकहार्ट वाळूत चेंडूमागे धावत होता, जन्मला तसा.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

 

"स्वेटर अगदी अंगाबरोबर बसलाय हो तुला!"