हौदातले मासे

कारखान्यांचं सांडपाणी नाल्यात जाण्याआधी शुद्ध व्हावं, हे बघणं उत्तराचं काम. अंधेरीतल्या हर्षद परबाच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात तिने सगळी यंत्रणा बसवून दिली होती, पण तपासणी उरकली की तो ती बंद करून टाकायचा. कायदा सांगून झाला, नोटिशीची भीती घालून झाली. "बघतो ना, मॅडम," एवढंच तो म्हणायचा.

शेवटी तिने ते शुद्ध झालेलं पाणी फाटकापाशी एका हौदात खेळवलं आणि त्यात मासे सोडले. हर्षद हसला. त्याची आई मात्र रोज सकाळी येऊन त्यांना खाऊ घालू लागली, एकेकाला नावाने हाक मारू लागली.

परवा कधी नव्हे तो हर्षदचाच फोन आला. "मॅडम, यंत्रणा बंद पडलीय. आत्ताच्या आत्ता या!"

"का हो, तपासणीला कुणी आलंय?"

"नाही हो. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. आई हौदापासून हलत नाहीये. मी सगळं काम थांबवलंय, तुम्ही येईपर्यंत एक कापड रंगणार नाही म्हणून तिला शब्द दिलाय."