हवालदार उठला की

“काकू, हा घ्या तुमचा हवालदार परत. याच्यातलं सारं ग्यान सरायसंगच गेलं.”

शेखरनं कुत्र्याची साखळी पुष्पाबाईंच्या हातात दिली. वडनेर भोलजीहून देऊळघाटपर्यंत पिकअपच्या मागं बसून आलेला हवालदार मात्र खुशीत होता. तो थेट ओसरीवरच्या आपल्या पोत्यावर जाऊन बसला.

पुष्पाबाईंचे यजमान जानराव सर चैत्रात वारले. ते शेखरचे गुरू. शेखरचं दुकान खत-बियाण्यांचं, पण जीव सगळा कथेत. वीस वर्षं त्यानं प्रत्येक कथा आधी याच ओसरीवर वाचली होती. सर डोळे मिटून ऐकत, पण कौल द्यायचा कुत्र्यानं! वाचता वाचता हवालदार उठून आत गेला, की सर बोट वर करीत.

“तिथं खूण कर बे. कुत्र्यानं सोडलं, तिथं वाचकबी सोडते.”

शेखर तेवढं कापी आणि कथा हमखास छापून येई. सरांच्या स्वतःच्या सहा पुस्तकांचा कारभारही असाच झालेला. हवालदार थोड्या वेळानं जिभल्या चाटत परत येई आणि पुढचं ऐकायला बसे.

तसा हा तिसरा हवालदार. पहिले दोन म्हातारे होऊन गेले, पण पारख तिघांची सारखीच. सर म्हणत, “हे या ओसरीचं पुण्य.”

म्हणून तर तेरावं झाल्यावर शेखरनं भीतभीतच कुत्रा मागितला होता. पुष्पाबाई जरा हसल्या होत्या. “ने बाप्पा. पाहून घे,” एवढंच म्हणाल्या होत्या.

पाच महिन्यांत हवालदारनं शेखरच्या तीन कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकल्या. एकदाही उठला नाही. शेखर हरखून गेला. मग एकेक करून तिन्ही कथा साभार परत आल्या. चौथी सोमवारी दिवाळी अंकाला पाठवायची होती. तीही परत आली तर लिहिणंच बंद, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं होतं. आपण लेखक कधी नव्हतोच, सरांच्या खांद्यावर बसून उंच दिसत होतो, ही भीती त्याला आतून खात होती.

“कथा आणलीच हाय तं वाचून टाक,” पुष्पाबाई म्हणाल्या. “घराले सवय हाय. मी आपली आत बसतो. मले अंगठेबहाद्दरले काय समजते त्यातलं!”

त्या आत गेल्या. शेखरनं पिशवीतून कागद काढले. त्यानं वाचायला सुरुवात करताच आतला भांड्यांचा आवाज नेहमीसारखा थांबला. सरांनी लावलेली शिस्त, दुसरं काय.

पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर नायिका विहिरीपाशी उभी राहून रडायला लागली आणि हवालदार उठला. त्यानं अंग झाडलं आणि तो आत निघून गेला.

शेखरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सर गेल्याच्या दिवशीही तो इतका रडला नव्हता.

“काकू! उठला! अवो काकू, उठला तो!”

कागद हातात घेऊन तो तसाच स्वयंपाकघराच्या दारात धावला.

पुष्पाबाई दाराआड पाटावर बसल्या होत्या. मांडीवर भाकरीचे तुकडे मोडून ठेवलेले. त्यातला एक हवालदार त्यांच्या हातातून खात होता.

“ते पोरगी उगीच रडून राह्यली विहिरीपाशी,” त्या म्हणाल्या. “काढून टाक. अन् जाय, वाच पुढं. अजून दोन तुकडे हायेत माह्यापाशी.”