डाव्या कानाची तार

वॉकमन घेऊन आठवडाही झाला नव्हता आणि हेडफोनचा डावा कान बंद पडला. सायकलवरून फैजपूरच्या कॉलेजला जाताना गाणी ऐकायची सवय लागलेली, त्यामुळे लीलाधरला चैन पडेना. त्याने सेल बदलले, कॅसेट उलटवली, पिन पुसून पुन्हा पुन्हा खोचली, तार हलवून पाहिली. आवाज उजवीकडेच. शेवटी वैतागून त्याने डावीकडचा स्पंज काढला. तार तुटलेली नव्हती, ब्लेडने कापून पुन्हा आत खोचलेली होती.

"माय, हे कोनं केलं व?"

भाकरी थापणारे धुरपदाबाईंचे हात थांबले.

"मीनंच केलं, भाऊ. मांगून केयीच्या घडाचे ट्रक येता रे... एक कान तरी रस्त्याकडे राहू दे."